जन्मतारा, चुंबक आणि ज्वारीची उकड

"मराठीत नाही सांगता येणार ते. उगाच हसं होईल तुझं," असं माझे पीएचडीचे सर म्हणाले आणि मी त्याच दुपारी हैदराबादचं तिकीट काढलं. माझा विषय असा : सूर्याहून कितीतरी पट जड तारे जन्मतात तेव्हा चुंबकीय क्षेत्र काय काम करतं. बरकतपुऱ्यातल्या मराठी मंडळानं व्याख्यानाला बोलावलं होतं. आता तर मराठीतच सांगणार, बघू कोण हसतं ते!

पुण्याहून सकाळची गाडी पकडलीत तर दुपारी सिकंदराबाद. डबा घरूनच न्या, गाडीतलं जेवण म्हणजे शिक्षा आहे. स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं चारशे मागितले, मी ठसक्यात "कायकू?" म्हटलं आणि अडीचशेत बरकतपुरा गाठला. माझी हैदराबादी तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलतान बाजार पालथा घातला. कापडाच्या दुकानांमधून वाट काढताना जीव मेटाकुटीला येतो, पण इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं चुकवू नका. संध्याकाळी हॉलवर गेले तर चाळीस माणसं! मी खूश. मग दिसलं, बहुतेकांच्या हातात जन्मपत्रिका.

घोळ मंडळाच्या वसंतकाकांच्या सुनेनं, अनघानं घातला होता. आयटीतली मुलगी, मराठी बोलते झकास, वाचते अडखळत. माझं 'ताऱ्यांचा जन्म' तिनं व्हॉट्सॲपवर 'तुमचा जन्मतारा आणि चुंबक' करून टाकलं होतं.

"सेमच ना, ताई? दोन्हीत जन्म आहे, तारा पण आहे."

काका कानाशी लागले. "लोक आलेत, दहा मिनिटं पत्रिका बघून टाक की. तुझं काय जातंय?"

"माझं सगळं जातंय, काका!" मी माईकवरूनच म्हटलं. "पत्रिका बघणार नाही. इंग्रजीतही बोलणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं."

निम्मे गेले. राग आला, रडूही आलं. तरी सुरू केलं. वायूचा अवाढव्य ढग स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो. कोसळताना त्याचे तुकडे पडले तर बारके बारके तारे होतात. भला मोठा तारा व्हायचा तर ढग एकसंध राहायला हवा. हे फुटणं रोखून धरतं ते चुंबकीय क्षेत्र. किती रोखतं यावर आम्हा संशोधकांत भांडणं आहेत, आणि मी भांडणाऱ्यांतलीच.

समोर कुणी पत्रिकेनं वारा घेतंय, कुणी मोबाइल बघतंय. गेलं, सरांचंच खरं झालं, असं वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून गंगाबाई बोलल्या. मूळच्या परभणीकडच्या, लग्न होऊन इथं आल्या त्या इथल्याच झाल्या. "म्हंजे गरम पाण्यात ज्वारीच्या पिठाची उकड घेतो तसं की गं! उकड नसली की थापताना तुकडे पडतात. मोठी भाकर होतच न्हाई."

"अगदी तसंच नाही, पण..."

"अन् ते चुंबक जास्त झालं तर?"

"तर ढग कोसळतच नाही. तारा होतच नाही."

"हौ! पाणी जास्त झालं की भाकर तरी कुठं थापता येते?"

मग हॉल जो बोलता झाला! तासभर प्रश्न. पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी ढगांची चित्रं काढून दिली.

पुण्याला परतले. प्रबंधाच्या मराठी सारांशात 'उकड' लिहिलं. सरांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं, आणि खाली गंगाबाईंचे आभार मानले.

"या कोण? कुठल्या संस्थेच्या?" सरांनी विचारलं.

"बरकतपुरा," मी म्हटलं.