गोड माती

माझ्या मूर्खपणांची यादी लांब आहे, पण सगळ्यात वरचा नंबर माती वाटल्याचा. बालाघाटात कटंगी रोडवर घर बांधलं तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला फार दानशूर समजत होते.

एक बाई दर आठवड्याला घरच्या भिंती लिंपायला माझ्या अंगणातली माती न्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दानशूर माणसं असलं विचारत नाहीत. घमेलं भरायच्या आधी ती चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "तुमची माती गोड हाय, बाई." ते कौतुक मी भिशीत सांगत फिरले.

पुढे नळासाठी खड्डा खणताना फुटक्या बॅटऱ्यांचे काळे तुकडे निघाले, म्हणून माती तपासून घेतली. तिच्यात शिसं होतं, आणि ते जिभेला गोड लागतं. तपासणारा म्हणाला, "अंगण झाकून टाका, भाजी लावू नका, अन् ही माती फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. जमीन तुमची, तं जिम्मेदारी बी तुमचीच."

आठवड्यात मी फरशी घालून घेतली. त्या बाईला शोधायला मात्र गेले नाही. तीच आली, रिकामं घमेलं घेऊन. मग मी सांगितलं, की या मातीत विष आहे, लिंपलेलं सगळं खरवडून काढ.

तिने नव्या फरशीवर पायाचा अंगठा घासला. मग म्हणाली, "माही पोरगी भित चाटते, बाई. मी तिले कधी हटकलं नाही. गोड मातीची हाय म्हणून."