पंपाच्या खोलीमागची पायरी

१९ जानेवारी, रविवार. सकाळपासून गॅलरी रिकामी करतेय. तीन फुटक्या कुंड्या, मखराचे पुठ्ठे, बंद पडलेला मिक्सर, लेकीच्या कॉलेजच्या वह्यांचं पोतं. सगळं आज भंगारात जाणार, कारण उद्यापासून इथे सासूबाईंची खुर्ची ठेवायची आहे. काल हाडांच्या डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "आजी, जिने बंद." आम्ही बदलापुरात बेलवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे आई आता खाली जाणार नाहीत. म्हणजे त्यांची मिशरीची डबी परत वर, घरात येणार. आणि मला मिशरी सोडून जेमतेम सव्वा वर्ष झालंय.

मिक्सरच्या मागे गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी तवाही निघाला. मिशरीचा तवा. ज्यांच्या घरात हा प्रकार नव्हता त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची. ती पूड डाव्या हाताच्या तर्जनीवर घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळत बसायचं. आमच्याकडे दर शनिवारी आई तवा चढवायच्या. आजूबाजूच्या बायका आपापली तंबाखू त्यांच्याकडेच आणून द्यायच्या, कारण आई ती जाळत नसत, भाजत. त्या दिवशी आख्खा जिना ठसके देत असे आणि कुणाची तक्रार नसे.

मला ही सवय लागली ती लेकीच्या वेळी. बाळंत होऊन महिना झाला होता आणि दाढ अशी ठणकत होती की मूल दुधाला घ्यावंसं वाटेना. आईंनी चिमूटभर मिशरी दिली. "लाव जरा. दुखायचं थांबंल." थांबलं. दाढ पुढे काढून टाकली, मिशरी सव्वीस वर्षं राहिली. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, चार वाजता, संध्याकाळी, झोपण्याआधी. सकाळची लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी माझी पक्की समजूत होती. डबी संपत आली की मी चिडचिडी व्हायचे आणि घरातली माणसं आपापल्या परीने बाजूला सरकायची.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या एका युनिटमध्ये चेकिंगला आहे. शिवून आलेली प्रत्येक पॅन्ट माझ्या टेबलावरून जाते. शिलाई सुटली आहे का, चेन अडकते का, डाग आहे का, हे बघायचं. एकदा फिक्या निळ्या पॅन्टवर लाल शिंतोडे सापडले. कारागीर तोंडात गुटखा धरून उभा. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तोंडाला आग लावायची तर तुझ्या घरी लाव. माझ्या मालावर नको." मग टेबलावर पाटी लावली, गुटखा-तंबाखू बंद. आणि दहा मिनिटांनी पर्समधली डबी घेऊन बाथरूमला गेले. मागून धागे कापणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "ताई दात घासायला गेल्या. दिवसातून पाचदा घासतात, म्हणून तर एवढे चमकतात." सगळ्या हसल्या. मला खरोखर कळलं नाही यात हसण्यासारखं काय आहे. तंबाखू म्हणजे पुरुष खातात ती. मिशरी म्हणजे दात घासायची. माझ्या डोक्यात ही दोन कपाटं वेगळी होती.

ती कपाटं एक केली अंबरनाथच्या दातांच्या डॉक्टरणीने. शिवमंदिराच्या रस्त्यावर, फुलवाल्यांच्या पुढे तिचा दवाखाना आहे. तिखट लागलं की खालच्या ओठाच्या आत आग व्हायची म्हणून गेले होते. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी.

"तंबाखू खाता का, काकू?"

"नाही."

"गुटखा? सुपारी?"

"छे."

तिने ओठ उलटा करून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग माझा डावा हात हातात घेतला. "हे बोट कशाने काळं झालंय?"

"मिशरीने."

"मग तंबाखूच ना?"

"मिशरी आहे ती. भाजलेली असते."

तिने आरसा खाली ठेवला. मला वाटलं हसेल. हसली नाही. ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, म्हणाली. तो आज काही वाईट असेलच असं नाही, पण अशाच चट्ट्याचं पुढे वाईट होतं. सहा आठवडे मिशरी पूर्ण बंद करा. चट्टा फिका झाला तर बघू. नाही झाला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. "आणि थोडी थोडी कमी करते असं मला सांगू नका," ती म्हणाली. मी तेच सांगणार होते.

मी कामाची बाई आहे. घरी येऊन डबी कचऱ्यात टाकली आणि विषय संपला असं जाहीर केलं. नवरा म्हणाला, "बघू." तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याच्या बादलीशेजारी बसून बादलीला चिकटलेल्या रिकाम्या डबीच्या कडा बोटाने खरवडत होते. नळाचं पाणी भरायला आलेल्या नवऱ्याने पाहिलं आणि न बोलता गेला. बोलला असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

पुढच्या सोमवारी सोडायला परत सुरुवात केली. या वेळी डोकं दुखायचं, आणि युनिटमध्ये मी एक आख्खा लॉट पास केला ज्यात मागचे दोन्ही खिसे एकाच बाजूचे होते. शेठची बायको, आम्ही सगळे तिला भाभी म्हणतो, तिने गठ्ठा माझ्यासमोर आणून टाकला.

"दीदी, आज आँख घर पे रख के आयी क्या?"

मी सांगून टाकलं. मिशरी, चट्टा, सहा आठवडे, सगळं. ऐकून झाल्यावर तिने उपदेश केला नाही. रिव्हेट, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवरचे धातूचे टिकले, आणि बटणं एकत्र झालेला एक मोठा डबा तिच्या टेबलाखाली कधीपासून पडून होता, तो वर ठेवला. पितळी, तांब्याची, काळी, सगळी एकात एक. "जब मन करे तब इधर आके बैठो. अलग करो. जल्दी नहीं है."

"और चेकिंग?"

"चेकिंग ये करेगी," असं म्हणून तिने त्या दात चमकण्याचा विनोद करणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. "बहुत बोलती है, थोडा काम भी करे."

त्या डब्याने मला एक गोष्ट शिकवली जी कुणी सांगितली नव्हती. माझी तलफ तोंडात नव्हती, बोटात होती. डाव्या तर्जनीला काहीतरी चोळायला, चिवडायला हवं असे. बटणं निवडताना ते बोट गुंतलं की वीस मिनिटं निघून जायची, आणि वीस मिनिटं गेली की पुढचा तास निभायचा. तो डबा मी तीन वेळा निवडून पूर्ण केला. प्रत्येक वेळी भाभीने माझ्या डोळ्यांदेखत परत एकत्र ओतला. त्या बाईचं हे मी विसरणार नाही.

घरात मात्र वेगळा प्रश्न होता. शनिवार आला आणि तवा चढलाच नाही. मी विचारलं तर आई म्हणाल्या, "गुडघे दुखतात. किती येळ उभी राहू?" बायका तंबाखू घेऊन आल्या त्या परत गेल्या. त्याआधी एकदा मी त्यांना सोडायला सांगून पाहिलं होतं. "साठ वर्सं लावतेय, माझं काय वाकडं झालं?" "दात किती उरलेत?" "तीन. बास हायेत." त्यामुळे त्या सोडतील अशी आशा नव्हती. पण घरात मला त्यांची डबी दिसेना. दिवसातून चार वेळा त्या "जरा ऊन खाऊन येते" म्हणून खाली जात. ढगाळ दिवशीही जात.

चौथ्या आठवड्यातल्या एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते. वॉचमनने थांबवलं. "ताई, आजींना एक खुर्ची देऊ का? रोज पंपाच्या खोलीमागे पायरीवर बसतात. ओली असते पायरी."

मी मागे गेले. आई पायरीवर बसल्या होत्या, बोट तोंडात, डबी शेजारी. ऊन तिथे कधीच येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून ही बाई या गुडघ्यांनी रोज चार वेळा उतरत होती आणि चढत होती, तोंड इथल्याच नळावर धुऊन, मला वाससुद्धा येऊ नये म्हणून. हे सगळं माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की डबी उघडी आहे.

मी शेजारी बसले. "आई, चिमूटभर द्या."

त्यांनी थुंकून चूळ भरली. डबी बंद केली, पदराच्या गाठीत बांधली. "मागू नको."

"एकदाच."

"मागितलंस तर मी देईन ना, बाय. मला नाय म्हणता येत नाय. तुझ्या दाढेला मीच दिलेली. म्हणून तर इथं येऊन बसते, तू समोर नको." मग माझ्या पिशवीत डोकावल्या. "मेथी आणलीस? बटाटे कुठंयत?"

"विसरले."

"मग जा, घेऊन ये. जा लवकर."

मी गेले. बटाट्यांची गरज नव्हती, घरात होते. मला बाजारापर्यंत पाठवायला एवढं एकच कारण त्यांना पटकन सुचलं असणार. पाठीमागे त्यांनी डबी उघडल्याचा आवाज आला नाही. मी थांबून ऐकत होते, म्हणून सांगते.

सहा आठवड्यांनी डॉक्टरणीने ओठ उलटून पाहिला आणि म्हणाली, "फिका झालाय." तुकडा काढावा लागला नाही. चट्टा पूर्ण गेलेला नाही. तीन-तीन महिन्यांनी तोंड दाखवायला जाते. परवाच्या वेळी ती म्हणाली की आता तिला चट्टा शोधावा लागतोय. परतताना मी मंदिरात जाऊन आले. एरवी मी फार देवाधर्माची नाही, पण दवाखान्यातून निघाल्यावर घाई करावीशी वाटत नव्हती. युनिटमधली पाटी अजून आहे. त्या गुटख्यावाल्या कारागिराची मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी रहने दो दीदी, वो बटन का डब्बा दे दो." दिला. त्याचं अजून सुटलेलं नाही, डबा त्याच्याकडे आहे.

मी हे एकटीच्या जोरावर केलं असं मी कुणालाही सांगत नाही. माझा जोर तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या बादलीशेजारी संपला होता.

तर आज गॅलरी. आई आत पलंगावर बसून माझी सफाई बघत होत्या.

"मी सोडू काय मग?" त्यांनी विचारलं.

"जमेल तुम्हाला?"

"नाय."

"मग विचारता कशाला?"

"इचारायला पायजे. तू काय करशील पण?"

"बघते मी."

"तवा कशाला काढलास?"

"भंगारात देतेय."

"जुनं लोखंड हाय. असं मिळत नाय आता."

"भाकरी करू त्याच्यावर?"

"शी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या तेव्हा ते तिन्ही दात दिसले. भंगारवाला आला तेव्हा त्यांनीच आतून ओरडून सांगितलं की तवासुद्धा ने.

दुपारभर मी विचार केला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना सोडायला लावणं मला जमणार नाही आणि ते माझं कामही नाही. दिवसा मी उल्हासनगरला असते, तेव्हा त्यांनी खुशाल लावावी. प्रश्न सकाळचा आणि संध्याकाळचा. गॅलरीचं दार लावलं तरी फटीतून वास येतो, आणि वासापुढे मी अजून कच्ची आहे, हे मला ठाऊक आहे. नवरा म्हणाला, "तोंडाला रुमाल बांध." मी त्याला पोतं खाली न्यायला लावलं.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी सहाला उठले. गॅलरीत खुर्ची ठेवली, मागे उशी, बाजूला थुंकायला राख घातलेलं डबडं आणि पाण्याचा तांब्या. आईंना हाताला धरून बसवलं, खांद्यावर शाल टाकली, बाहेर येऊन दार लावलं. मग मेथीची जुडी आणि ताट घेऊन तीन मजले उतरले आणि पंपाच्या खोलीमागच्या पायरीवर बसले. पायरी खरंच ओली असते. वॉचमन डोकावला.

"आज तुम्ही?"

"आजपासून मीच."

तो जाऊन त्याची खुर्ची घेऊन आला. मी मेथी निवडायला घेतली, पानं डाव्या हाताने खुडत, मुद्दाम. अर्धी जुडी झाली असेल तेव्हा वरून कठड्यावर तांब्या आपटल्याचा आवाज आला.

"ए बाय! झालं माझं. चूळ भरली. ये वर!"

"येते," मी खालून ओरडले. उरलेली अर्धी जुडी तिथेच बसून निवडली, खुर्ची वॉचमनला परत दिली आणि वर गेले.