साठच्या पुढची थरथर

वेळअमावास्येला आमच्या चाकूरकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. शहाणी माणसं गाड्या सडकेवर लावतात. मी पडलो नव्या गाडीचा मालक! भज्जी-आंबिलीची पातेली थेट वावरात, हरभऱ्यापर्यंत गाडीतून नेली.

"धुऱ्यावर लाव रं," दादा बांधाकडे हात करत म्हणाले. वडिलांचंच ऐकायचं, तर गाडी कशाला घ्यायची? हरभऱ्याला आदल्या दिवशी पाणी दिलेलं; चाकं चिखलात रुतली. शेवटी भावकीतल्या चौघांनी ढकलून बाहेर काढली. घरी आल्यावर मी ती अशी चकचकीत धुतली, की असं काही घडलंच नाही हे मलाही पटलं.

तिसऱ्या दिवशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. गुरुवारी दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नांदेडला. येताना डोळ्याला हादरे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मेव्हण्याने डोळे मिटून बॉनेटला हात लावला आणि इंजिनाचं माउंटिंग गेल्याचं जाहीर केलं. त्याच्याकडे स्कूटर आहे. शेजारचे गुरुजी म्हणाले, "रस्ताच तसला हाय." रस्ता नवाकोरा होता.

लातूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी चिखलात गेलती का?"

"छे! सडक सोडत न्हाई आपली गाडी."

बायको खोकली. मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. "मग एक्सलचं काम दिसतंय. पार्ट यायला आठ दिवस. तवर लांब नेऊ नका."

बुधवारी संध्याकाळी मी दादांना तारीख पुढे ढकलू म्हणालो. ते उठून अंगणात गेले, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. दिसत तर नव्हतंच. रिमच्या आत हात घालून चाचपलं, खुरप्याने दोनदा टोकरलं, आणि विटेएवढं वाळलेलं काळं ढेकूळ माझ्या हातात ठेवलं.

"आपल्याच वावरातलं हाय. नेऊन टाक. पायी जा."

गेलो. इतकी लाज मला दहावीत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

नांदेडहून परतताना दादा डोळ्यावर पट्टी बांधून मागे टेकले होते. लोहा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी थांबवलीस का रं?"

"न्हाई दादा, ऐंशीवर हाय."

"मग साठावर आण," ते म्हणाले.

या वेळी मी लगेच आणली.