स्वतःविरुद्धचा जबाब

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला तपास कुठल्या ठाण्यातला, हे पत्नीलाच विचारावं लागतं. पण वेंगुर्ल्याला प्रभारी निरीक्षक असताना घडलेलं मुष्टियुद्धाचं प्रकरण मी कुणाला न विचारता सांगू शकतो. त्यातल्या कुणाचंही नाव लिहिणार नाही. दोन्ही मुली अजून हयात आहेत, आणि त्यांचं आयुष्य त्यांचं आहे.

एक आयोजक आमच्याकडे परवानगीचा अर्ज घेऊन आला. गावच्या मैदानावर व्यावसायिक मुष्टियुद्धाचे सामने भरवायचे होते, मोबाइलवर थेट प्रक्षेपण होणार होतं. माणूस गोडबोल्या. बंदोबस्त, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका, सगळ्याची कागदपत्रं चोख. मुख्य लढत दोन मुलींची होती. एक आमच्या बंदरातली. वडिलांचा माशांचा व्यापार, घरात मालवणी बोलणारं मुसलमान कुटुंब. शाळेत असल्यापासून ती ठोसे मारायला शिकली आणि व्यावसायिक झाल्यापासून एकदाही हरली नव्हती. दुसरी घाटावरची, वयाने थोडी मोठी. आधीच्या एका लढतीत ती हिच्याकडून हरली होती.

सतत जिंकणाऱ्या माणसाबद्दल गाव फार काळ चांगलं बोलत नाही. बाजारात कुजबुज होतीच. "इतकी ताकद येता खंयसून?" असं मासे घेणाऱ्या बाया तिच्या वडिलांच्या समोर नाही, पण चार पावलं पुढे गेल्यावर म्हणायच्या.

लढतीच्या दोन दिवस आधी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, गावची मुलगी उत्तेजक इंजेक्शनं घेते, आयोजकाने दिलेल्या लॉजवरच्या खोलीत तिची लाल बॅग आहे, बॅगेच्या डाव्या कप्प्यात माल मिळेल. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

खबर देणारा माणूस सहसा अर्धवट सांगतो. त्याला तेवढंच ठाऊक असतं, किंवा उरलेलं तो हातचं राखतो. डावा कप्पा सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. तरीही खबर आल्यावर खात्री करणं भाग होतं. नुसतं उत्तेजक घेणं हा आपल्याकडे पोलिसी गुन्हा नाही, खेळाची संघटना त्याची शिक्षा देते. पण विनापरवाना औषधं आणि त्यातून प्रेक्षकांची फसवणूक हा आमचा विषय होता. स्टेशन डायरीत नोंद केली, औषध निरीक्षकांना कळवलं आणि महिला हवालदार व पंच म्हणून दोन साक्षीदार घेऊन लॉजवर गेलो.

लाल बॅग होती. डाव्या कप्प्यात निळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या चार-पाच काचेच्या बाटल्या आणि सुया होत्या. मुलगी दारातच उभी होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही माझी बॅग आहे. ह्या बाटल्या माझ्या नाहीत," ती म्हणाली. कार्यालयातल्यासारखं प्रमाण मराठी, एकेक शब्द सुटा.

पंचनामा आटोपून आम्ही खाली आलो, तर मोबाइलवर बातम्या दाखवणारा एक जण फाटकात कॅमेरा लावून उभा. त्याला कोणी बोलावलं, ते तो सांगेना. तासाभरात जप्त मालाचं चित्रण जिल्हाभर फिरलं.

ठाण्यात महिला हवालदारासमोर तिचा जबाब सुरू केला. अशा वेळी माणसं रडतात, चिडतात, ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव घेतात. तिने यातलं काहीच केलं नाही. मी विचारलं, "तुझ्या खोलीत तुझ्या बॅगेत दुसरं कोण ठेवणार?"

"ते मला माहीत असतं तर मी तुमच्याआधी तिथे पोहोचले असते," ती म्हणाली. "माझं रक्त घ्या, लघवी घ्या. आत्ता घ्या. उद्या म्हणाल, मधल्या वेळात काही केलं."

बाकावर बसलेले तिचे वडील उठून उभे राहिले. "सायेब, माजा चेडू खोटा बोलाचा नाय. त्येका खोटा बोलूकच येना नाय."

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांसमोर नमुने घेतले, सील केले आणि प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. नोटीस देऊन तिला घरी सोडलं. संध्याकाळी आयोजक आला. फार वाईट वाटल्याचं सांगून म्हणाला, "नाइलाज आहे साहेब. तिच्या जागी दुसरी मुलगी उतरवतो. लोकांनी तिकिटं काढलीत."

मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

निनावी फोनचा क्रमांक निघाला जेट्टीजवळच्या चहावाल्याचा. त्याने लगेच सांगितलं, आयोजकाच्या गाडीच्या ड्रायव्हरने एक फोन करायचाय म्हणून मोबाइल मागून घेतला होता. ड्रायव्हर जवळच्या रेडी गावाकडचा तरुण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावलं. "घरी फोन केलंय सायबानू," एवढंच तो घोकत राहिला. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. वेळ जाऊ दिला की खोटं बोलणाऱ्याला स्वतःचंच उत्तर ऐकू येऊ लागतं, असा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात महिला हवालदार आत आली. "साहेब, ती दुसरी आलीय. घाटावरची. एकटीच आहे."

खेळाचे कपडे, खांद्यावर टॉवेल, पळण्याच्या सरावातून ती थेट आलेली दिसत होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"काल मोबाइलवर बाटल्या दाखवल्या," ती म्हणाली. "त्या माझ्या आहेत."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुझ्या म्हणजे?"

"मला टोचतात त्या. निळी पट्टी माझा प्रशिक्षक लावतो, दुसऱ्या औषधात मिसळू नयेत म्हणून. मागची लढत हरल्यापासून घेतीय मी. हे बघा." तिने बाही वर केली. दंडावर सुयांच्या खुणा होत्या.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. तिला स्पष्ट शब्दांत समजावलं, की तू जे सांगते आहेस ते तुझ्याच विरुद्ध जाईल, संघटना तुझ्यावर बंदी घालेल, कदाचित पुन्हा रिंगमध्ये उतरताही येणार नाही. घरी फोन कर, वकिलाचा सल्ला घे, मग बोल.

"घरी फोन केला तर घरचे गप्प बस म्हणतील," ती म्हणाली. "म्हणून नाही केला."

मग तिने सगळं सांगितलं. आयोजक आणि तिचा प्रशिक्षक बोलताना तिने ऐकलं होतं. सट्टा या घाटावरच्या मुलीच्याच विजयावर लावलेला होता. गावच्या मुलीला चौथ्या राउंडमध्ये पडायला सांगितलं, तिने तोंडावर नाही म्हटलं. आता तिला बदनाम करून बाजूला काढायचं आणि पडायला तयार असलेली मुलगी उतरवायची. ती बदली मुलगी धाड पडण्याच्या आधीच सावंतवाडीत येऊन राहिली होती.

"तुला कशाला हे सगळं? तू तर जिंकणार होतीस," मी विचारलं. हा प्रश्न तपासाचा नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिने थोडा विचार केला. "साहेब, मी तिचे ठोसे खाल्लेत. सगळे म्हणतात, तिची ताकद औषधाची. औषधाची ताकद कशी असती ते मला ठाऊक आहे. दोन राउंड अंगात वारं भरतं, मग हात आपले राहत नाहीत. ती शेवटच्या राउंडलाही तशीच मारत होती. ते तिचं स्वतःचं होतं. मला हे माहीत असताना मी गप्प कशी बसू?"

माझ्या शेजारी जबाब लिहून घेणारी हवालदार लिहायची थांबली होती. मी तिला लिहायला सांगितलं नाही. समोर उभ्या मुलीकडे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. पुढे मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो, पण तसं वाटलं नाही.

जबाबाला दुजोरा लागतो. तो देऊ शकणारा ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसला होता, आणि दुजोरा मिळवायला मला काहीच करावं लागलं नाही. गावच्या मुलीचे वडील पुरवणी जबाबासाठी आले होते. त्यांनी ड्रायव्हरला पाहिलं. आयोजक पहिल्यांदा घरी आला तेव्हा हाच गाडी घेऊन आला होता आणि त्यांच्या घरी जेवला होता. त्याने काय केलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळपासून पोरगा इथे बसलाय एवढंच त्यांना दिसलं.

"काय रे, जेवलंस काय?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरने मान खाली घातली. मग तो हुंदके देऊन रडायलाच लागला. "चाचानू, माज्या हातान झाला ह्या. माका सांगल्यांनी, मी ठेवलंय बॅगेत. फोन पण मीच केलंय."

वडील त्याच्याकडे बघत राहिले. हात उगारतील असं वाटून मी पुढे झालो. त्यांनी हात उगारला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "आता ह्या सगळा सायबांका सांग. माका सांगून काय उपेग?"

पुढचं काम नेहमीच्या वाटेने गेलं. लॉजच्या कॅमेऱ्यात ड्रायव्हर खोलीत शिरताना दिसला. औषध निरीक्षकांनी बाटल्यांवरून दुकान शोधलं आणि दुकानदाराने प्रशिक्षकाला ओळखलं. आयोजक गोव्याकडे निघाला होता, रेडीच्या पुढे नाकाबंदीत सापडला. त्याच्या मोबाइलमध्ये सट्ट्याचे निरोप तसेच होते. फसवणूक, खोटा पुरावा तयार करणं आणि जुगार या कलमांखाली दोषारोपपत्र गेलं. सामने रद्द झाले. काही दिवसांनी गावच्या मुलीचा अहवाल आला, त्यात उत्तेजकाचा अंशही नव्हता.

घाटावरच्या मुलीवर बंदी आली. तिने ती मान्य केली, अपीलही केलं नाही. ती परत निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर मी साध्या कपड्यांत गेलो होतो. गावची मुलगी तिथे आधीच होती. दोघींची आधी ओळख अशी नव्हतीच, फक्त एकमेकींना मारलं होतं. घाटावरची गाडीत चढत असताना गावची मुलगी एकदम मालवणीत म्हणाली, "तुजी बंदी सरली की हयसरच ये. माजी तुज्याशी लढत ऱ्हवली हा."

"येणार," ती म्हणाली.

ती आली. त्याला काही वर्षं जावी लागली. तोवर मी निवृत्त झालो होतो. लढत शाळेच्या सभागृहात झाली. प्रक्षेपण नव्हतं, प्रेक्षकही बेताचेच. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. घाटावरची मुलगी गुणांवर हरली, पण शेवटची घंटा झाली तेव्हा पायांवर उभी होती. नाकातून रक्त येत होतं आणि ती हसत होती. तिला मिठी मारून गावची मुलगी काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

खोटं कसं पकडायचं, हे खात्याने मला शिकवलं. डोळे बघायचे, उत्तरांची घाई बघायची, जास्त सांगणाऱ्याचा संशय घ्यायचा. ते सगळं मला उपयोगी पडलं. पण जिच्या पदरात नुकसानच पडणार होतं, तिने स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन सत्य सांगावं, याची तयारी कुठल्याच प्रशिक्षणात नव्हती. माणूस किती खाली जाऊ शकतो याचा अंदाज पोलिसाला लवकर येतो. किती वर जाऊ शकतो हे मला तिने दाखवलं. त्यानंतरच्या नोकरीत दार ढकलून कुणी एकटं आत आलं, की मी आधी खुर्ची पुढे करायचो आणि मगच काय काम आहे ते विचारायचो.