अधिक एक खेळाडू

तिचं खरं नाव क्लबमध्ये फक्त पगाराच्या वेळी निघायचं. बाकी सगळ्यांसाठी ती इस्त्रीकाकू. खरं तर इस्त्री ती फारशी करायची नाही. तिच्या ताब्यात होतं ते एक जाडजूड दाबयंत्र. त्याच्या तापलेल्या पाट्याखाली शर्ट पसरायचा, त्यावर खेळाडूच्या नावाची अक्षरं आणि नंबर मांडायचा आणि झाकण खाली ओढायचं, की नाव कापडाला चिकटून बसायचं. पण वाफ, उष्णता आणि कापड म्हटलं की लोकांना इस्त्रीच आठवते. नाव पडलं ते पडलं.

फुटबॉलशी तिचा संबंध आला तो मुलामुळे. तो नऊ वर्षांचा असताना क्लबच्या लहान मुलांच्या संघात लागला. त्याला एकट्याला सोडून घरी जायचा तिला धीर व्हायचा नाही. तो पडला की ही कठड्याशी उभी राहायची, तो उठला की बसायची. कॉलेजात शिकलेली, वाचायची आवड असलेली बाई, पण पुस्तक मांडीवर उघडंच राहायचं आणि पान काही उलटायचं नाही. असं रोज बसलेलं बघून कोठी सांभाळणारे मामा एक दिवस म्हणाले, "ताई, नुसत्या काळजीने हात दुखत नाहीत का? हे घ्या, मोजे फाटलेत." तिने मोजे शिवले. मग जाळी शिवली. मग तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत तिला खुर्ची मिळाली, पगार मिळाला आणि यंत्र मिळालं. मुलगा मोठा होत होता, ती त्याच्या संघाचे कपडे धूत होती. यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. उलट तो किती घासला गेला, कुठे आपटला, हे त्याने न सांगता तिला त्याच्या चड्डीवरून कळायचं. तो सांगणाऱ्यातला नव्हताच. संघात त्याला मौनी म्हणायचे.

बाजाराचे दिवस तिला नकोसे वाटायचे. बाजार म्हणजे खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा. वर्षातून दोनदा तो उघडतो, ठरल्या दिवशी बंद होतो आणि मधल्या काळात सगळ्या क्लबांना जणू ताप चढतो. कोण कुठे जाणार, कोण येणार, याच्या बातम्या वरच्या मजल्यावरून आधी इथे, या खोलीत उतरायच्या. कारण क्लबची एक पद्धत होती. नवा माणूस सही करायच्या आधीच त्याच्या नावाचा शर्ट तयार हवा. सही झाली की लगेच फोटो, आणि फोटो लगेच जगभर. त्यामुळे कागदावर शाई पडायच्या आधी कापडावर नाव पडायचं. जाणाऱ्याचं मात्र तिने कधी घाईने केलं नव्हतं. तो येऊन भेटून जायचा, त्याचा एक शर्ट ती घडी घालून त्याच्या हातात द्यायची, आणि मगच उरलेल्या शर्टांवरची अक्षरं तापवून सोलायची.

त्या वर्षी क्लबची चांदी झाली होती. पुढे खेळणारा एक पोरगा त्यांनी अशा किमतीला विकला की ती ऐकून मामांनी कान खाजवला. एक म्हातारा गोलरक्षक कवडीमोलाने आणला आणि तो भिंतीसारखा उभा राहिला. शेजारच्या शहरातल्या श्रीमंत क्लबचं मात्र हसं झालं होतं. त्यांनी सहा जण पुढे खेळणारे घेतले आणि मागे खेळणारा एकही नाही. "त्यांना गोल खायची हौस आहे, आपण काय करणार," मामा म्हणायचे. या सगळ्याचं श्रेय नव्या संचालकांना मिळत होतं. खेळाडू घेणं आणि विकणं हेच त्यांचं काम. दोन हातांत दोन मोबाईल, म्हणून खाली त्यांचं नाव मोबाईलसाहेब. येऊन वर्ष झालं होतं, पण तळमजल्याचा जिना त्यांनी कधी उतरला नव्हता.

बाजाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी मामा दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"काय हो, कुणाची वरात आणलीत आज?" तिने विचारलं.

"डावीकडून बचावाला खेळणारा एक येतोय. शर्ट हवाय. तासाभरात."

"नाव?"

मामांनी नाव सांगितलं. तिने अक्षरं काढून मांडायला घेतली.

"नंबर?"

मामांनी दाराची चौकट चाचपली.

"मामा, नंबर सांगा. मी काय ज्योतिषी आहे?"

"तीन," मामा म्हणाले, आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

तिचे हात थांबले. तीन नंबर तिच्या मुलाचा होता. गेल्या मोसमात त्याला मुख्य संघात जागा मिळाली तेव्हा हाच आकडा तिने स्वतः दाबला होता, आणि वाकडा होऊ नये म्हणून श्वास रोखून धरला होता.

"चुकून सांगितलं असेल वरून," ती म्हणाली.

"मी दोनदा विचारलं."

"मग तो?"

"तो त्या येणाऱ्याच्या क्लबात जातोय. बदल्यात. मला वाटलं, तुम्हाला घरी माहीत असेल."

घरी कुणाला काही माहीत नव्हतं. सकाळी तो नेहमीसारखा दूध पिऊन निघाला होता आणि गुडघ्याला लावायचा पट्टा संध्याकाळपर्यंत धुऊन ठेव म्हणाला होता. या क्षणीसुद्धा तो बाहेर मैदानात, तीन नंबर अंगावर घालून पळत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळजीने हातपाय गळायची सवय तिला होती, संतापाची नव्हती. तिने यंत्राचं बटण बंद केलं, मांडलेली अक्षरं गोळा करून डब्यात टाकली आणि खुर्चीत बसली.

"त्यांना सांगा, शर्ट होणार नाही."

"काकू, फोटोवाला येऊन बसलाय."

"बसू दे. खुर्ची कमी पडली तर ही पण न्या."

थोड्या वेळाने जिन्यावर चकचकीत बुटांचा आवाज आला. मोबाईलसाहेब दारातून आत बघत म्हणाले, "काय अडचण आहे इथे? यंत्र बिघडलंय?"

"यंत्र ठणठणीत आहे. तीन नंबर घालून एक मुलगा बाहेर पळतोय. त्याला सांगितलंय का, तो विकला गेला म्हणून?"

"ते प्रक्रियेत आहे."

"प्रक्रियेत म्हणजे कुठे? जिन्यात?"

"हे पहा काकू, हा तुमच्या कामाचा भाग नाही. तुम्ही शर्ट द्या. खेळाडूशी आम्ही योग्य वेळी बोलू."

"योग्य वेळ म्हणजे कधी? त्याचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर, फोटो सगळीकडे, आणि त्याला मोबाईलवर बघून कळणार, तेव्हा?"

"तुम्ही फार मनाला लावून घेताय. असं रोज होतं. तो तुमचा कोण लागतो?"

मामा खोकले. "साहेब, मुलगा आहे त्यांचा."

हातातला मोबाईल वाजत होता. साहेबांनी तो पहिल्यांदाच वाजू दिला. त्यांचा चेहरा जरा उतरला आणि आवाज एकदम मऊ झाला. "हे मला कुणी सांगितलंच नाही. सॉरी, खरंच. आधी माहीत असतं तर मी स्वतः..."

त्या मऊपणाने तिच्या रागाचा आणखी भडका उडाला.

"आणि माझा नसता तर?" ती म्हणाली. "तर न सांगता चाललं असतं? तेरा वर्षं या मैदानात आहे तो. तुमच्या आधीपासून. त्याला बोलवा. माझ्यासमोर नको, पाहिजे तर मी बाहेर जाते. पण तुमच्या तोंडाने सांगा. मामांच्या नाही, माझ्या यंत्राच्या नाही."

मुलाला बोलावणं गेलं. तो आला तो घामाने निथळत, बूट हातात, ओल्या मोज्यांची पावलं फरशीवर उमटवत. आई बाहेर गेली नाही.

साहेबांनी उभ्याउभ्याच सांगितलं. चांगली संधी आहे, नवं वातावरण, वय अनुकूल. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "त्यांनी मला मागितलं?"

"म्हणजे, त्यांना आमची रक्कम थोडी कमी वाटत होती. मग चर्चेत तुझं नाव आलं."

"कुणी आणलं?"

"आम्ही."

भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकावी तसा तो टाकला होता. हे कुणी बोललं नाही, पण खोलीतल्या चौघांनाही कळलं.

"तिथे मला खेळवणार?"

"तो तिथल्या प्रशिक्षकांचा निर्णय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तुझा हक्क आहे. तुझ्या सहीशिवाय काही होत नाही. व्यवहार मोडेल, एवढंच. मग या मोसमात तू कुठे असशील, ते मात्र मला आत्ता सांगता येणार नाही."

"धमकी देताय?" ती म्हणाली.

"आई," मुलगा म्हणाला.

त्याने टेबलावरच्या कोऱ्या शर्टाकडे पाहिलं, मग डब्यातल्या अक्षरांकडे. तिला वाटलं, आता हा नाही म्हणणार. म्हणू दे. घरी बसला तरी चालेल, दोन घास कमी खाऊ. ती मनातल्या मनात त्याला ढकलत होती, लहानपणी तो चेंडूवर जाताना ढकलायची तशी.

"कुठे सही करायची?" त्याने विचारलं.

"अरे, विचार तरी कर," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय विचार करू? मी नकोय हे ठरलंय त्यांचं. ज्यांना मी नकोय त्यांच्याकडे वर्षभर बाकावर बसून काय करू, तुला पाणी आणून देऊ?" तो इतकं एका दमात कधी बोलला नव्हता. "तू यंत्र चालू कर. तुझं काम का अडवतेस?"

साहेब त्याला घेऊन वर गेले. आता तिला कुणाकुणाचा राग आला ते सांगणं कठीण. साहेबांचा, मामांचा, नवऱ्याचा कारण तो इथे नव्हता, आणि मुलाचासुद्धा, कारण तो भांडला नाही. तिने यंत्र तापवलं. तीनचा आकडा सरळ बसला. वाकडा लावायचं मनात आलं होतं. जमलं नाही.

शर्ट घ्यायला तो नवा खेळाडू स्वतःच आला, वाट चुकत चुकत. पायात रबरी स्लिपर. त्याला त्याच्या क्लबात जेवणाच्या टेबलावरून उठवून थेट गाडीत बसवलं होतं. त्याच्याकडे बॅग नव्हती.

"काकू, इथे ब्रश कुठे मिळेल? दाताचा."

तिला त्याच्यावर खेकसायचं होतं. ती खेकसलीही. "फाटकाबाहेर दुकान आहे, डोळे उघडे ठेवून गेलात तर दिसेल." तो हो म्हणून निघाला. स्लिपर फटक फटक वाजत लांब गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हाही सकाळी कुणाला तरी संध्याकाळी येतो सांगून निघाला असणार. याने तिचा राग कमी झाला नाही. फक्त त्याचा रोख बदलला.

संध्याकाळी मुलगा गेला. क्लबची गाडी होती, एक पिशवी होती. तिने दिलेला शर्ट त्याने घेतला, पण घडी न बघता पिशवीत कोंबला. गुडघ्याचा पट्टा अजून ओला होता, तो तसाच पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. "पोचलो की फोन करतो," म्हणाला.

ती घरी आली तेव्हा नवरा टीव्हीसमोर बसला होता. तो विजेची कामं करायचा. तिचा निरोप ऐकून हातातलं काम टाकून गाडी निघायच्या आत पोचायला धावला होता आणि पोचला नव्हता. पडद्यावर एका सूत्रसंचालकासोबत तीन जाणकार बसून बाजारात कुठल्या क्लबचं कसं झालं याचा हिशेब मांडत होते. प्रेक्षकांनी फोन करून गुण द्यायचे होते. शेजारच्या शहरातल्या क्लबला दहापैकी दोन. मग त्यांच्या क्लबचं नाव आलं.

"नऊ," एक जाणकार म्हणाला. "हुशार क्लब. महाग विकलं, स्वस्त आणलं. आणि आजचा शेवटचा सौदा बघा. इतका चांगला बचावपटू, आणि दिलं काय?"

पडद्याच्या तळाशी पट्टी आली. किंमत, आणि तिच्यापुढे शब्द: अधिक एक खेळाडू.

"फुकटातच म्हणा," दुसरा म्हणाला आणि तिघं हसले.

नवऱ्याने आवाज कमी करायला हात पुढे केला. तिने तो धरला. "राहू दे. नंबर सांग त्यांचा."

"कशाला? लागत नाही तो."

"सांग."

लाइन लागेना. ती लावत राहिली. नवऱ्याने पाणी आणून ठेवलं, तिने घेतलं नाही. दोन क्लबांचे गुण देऊन झाले, जाहिराती झाल्या, आणि मग अचानक तिचंच 'हॅलो' टीव्हीतून तिच्या कानावर आलं.

"नमस्कार ताई, बोला, तुमच्या क्लबला किती गुण द्याल?"

"तुम्ही मघाशी एक खेळाडू म्हणालात," ती म्हणाली. "त्याला नाव आहे." आणि तिने ते सांगितलं. त्याचं, वडिलांचं, आडनाव, तिन्ही, सावकाश, कुणी लिहून घेत असल्यासारखं.

"बरं, बरं. छान. आणि गुण?"

"गुण नंतर. ती पट्टी परत लावा आणि तिच्यात हे नाव घाला."

"ताई, तसं आमच्या हातात नसतं. आपण त्याच्या कोण?"

"आई आहे. पण नाव लिहायला त्याला आई असावी लागते का? तुम्ही तिघं शिकलेली माणसं आहात. माणूस गेला तर कोण गेला ते सांगता येत नाही तुम्हाला?"

एक जाणकार काहीतरी पुटपुटला. सूत्रसंचालक मोकळं हसला, म्हणाला की आईची माया समजू शकतो, आणि पुढचा फोन घेऊया. तिच्या कानात टूं टूं वाजू लागलं. पडद्यावर दुसऱ्या क्लबचं चिन्ह आलं.

तिने तोच नंबर पुन्हा लावला.