संडासातलं कॅलेंडर

कल्पना करा, हातात दाढीचं पातं आहे आणि जाड कागदावरचं शाईचं एक नाव खरवडायचंय. कागद फाटता कामा नये, कारण लगेच खाली दुसरं नाव आहे. १९५२ च्या मार्चमध्ये आपल्या वाढदिवशी आल्त्ये संडासाची कडी लावून हेच करत होती. वरचं नाव धाकट्या भावाचं: हार्म, ४ मार्च. खालचं: फेम्मा, ९ मार्च.

वाढदिवसांचं कॅलेंडर त्या डच गावात घरोघरी संडासातच टांगलेलं. त्यावर वार नसतात, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं. ज्याचं नाव त्यावर, तो घरचा.

हार्म डेअरीत दुधाचे डबे धुवायचा. ते काम सुटलं आणि नाझींच्या बाजूच्या पक्षाचा काळा शर्ट मिळाला. जर्मन आले तोवर तो पक्षाचा गावातला पुढारी झाला होता. त्यांनी त्याला नगराध्यक्ष केलं. ज्या मास्तरांनी त्याला नापास केलं होतं, ते टोपी काढून त्याच्यापुढे उभे राहू लागले.

फेम्मा ज्यू मुलगी. आल्त्येनं तिला नवऱ्याची भाची 'मिन' म्हणून ठेवली होती. एकदा पोर रडली, "माझा वाढदिवस कुणालाच ठाऊक नाही." आल्त्येनं कॅलेंडरवर तिचं खरं नाव लिहिलं. अक्कल गहाण पडली होती.

१९४३ मध्ये आल्त्येच्या वाढदिवसाला हार्म आला. गाजराचा केक खाल्ला, संडासात गेला, परत येऊन केकचा दुसरा तुकडा मागून घेतला, मिनच्या केसांवरून हात फिरवला. सकाळी पोरीला न्यायला जर्मनांची गाडी आली. आल्त्येच्या घराला धक्का लागला नाही, भावाची मेहरबानी! फेम्मा परत आली नाही.

आज सात वर्षांचा तुरुंग भोगून तो थेट वाढदिवसाच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या गोलात येऊन बसला होता.

"अभिनंदन, ताई."

"कुणी बोलावलं तुला?"

"वाढदिवसाला बोलवावं लागतं होय? शिक्षा भोगलीय मी. आणि त्या पोरीचं नाव तूच लिहिलंस ना?"

शेजारीण साखर नसलेली कॉफी ढवळत राहिली. आल्त्ये उठून संडासात गेली होती ती तेव्हा.

ती बाहेर आली. मुठीतला शाईचा भुगा तिनं त्याच्या बशीत झटकला.

"हे तुझं नाव. घेऊन जा. तिचं मी लिहिलं, हो. रोज वाचते. पण ते वाचून बाहेर आल्यावर तू दुसरा तुकडा मागितलास, हार्म. माझ्या हातचा. तो तुझ्या घशाखाली उतरला कसा?"