बोटीची मागची बाजू

शारजातल्या आमच्या घराच्या अंगणात मी एक जुनी फायबरची बोट दुरुस्त करत होतो. सुकाणू मधोमध, चहूबाजूंनी मोकळी. निळा रंग लावून झाला, त्या संध्याकाळी बोटींच्या कारखान्यातून परतणारा एक रत्नागिरीकडचा कामगार फाटकाशी थांबला. कपड्यांवर फायबरची पांढरी धूळ. आत येऊन त्याने खिशातल्या नाण्याने बोटीची मागची बाजू टकटक ठोकली आणि कान लावला.

"काका, मेकअप झकास झालाय. पण इथं फायबरच्या आतलं लाकूड कुजलंय. त्यावर इंजिन लावलंत तर बोट राहील वर नि इंजिन जाईल तळाला!"

पुढचे पाच रविवार गुणगुणत त्याने ते लाकूड कापून काढलं, नवं बसवलं. मी चहा करत होतो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बोट पाण्यात उतरली, तेव्हा मित्रांसमोर मी म्हणालो, "सगळं माझ्या हातांनी केलं." तो मागेच उभा होता. सगळ्यांत जोरात टाळ्या त्याने वाजवल्या, मग माझ्या कानाशी आला.

"काका, पाच रविवारांत बरंच शिकलात हो!"

आणि पोट धरून हसला. मीही हसलो, पण मित्रांना खरं काय ते सांगितलं नाही. मित्रांनो, आज सांगतो: बोट अजून मजेत धावते, ती त्याच्या हातांमुळे.